आधी चेहरा, मंग दार

कोणतंही दार समोर आलं की ते आधी त्यावर उजव्या हाताचा तळवा ठेवायचे. बेल नाही, टकटक नाही. तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे, वैद्य नाडी बघतो तसे. मग दार जरासं ढकलायचे, जरासं ओढायचे आणि निदान सांगायचे.

"हे दार रागावलं हाय, जी."

आमच्या इमारतीच्या खालच्या दाराबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी हे जाहीर केलं, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी या नात्यानं मी ताबडतोब अपराधी चेहरा केला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की कुणीतरी रागावलंय एवढं कळणं पुरतं. कारण नंतर विचारायचं, चेहरा आधी तयार ठेवायचा.

"काहून रागावलं?" मी विचारलं.

"बिजागऱ्या उतरल्या ना. तिरपं लटकून राहिलं बिचारं. अशा दाराले तुमी कितीही भारी कुलूप लावा, वरची पट्टी खालच्या पट्टीले भेटणारच नाही. आधी याले सरळ करू. कॅमेरा, इंटरकॉम, सारं मंग."

आणि त्यांनी पिशवीतून तेलाची बुधली काढली! बाराही घरं कॅमेरा बघायला खाली उतरली होती. आमची ही तर साडी बदलून आली होती. तासभर आम्ही एका माणसाला बिजागरीला तेल देताना पाहिलं. पण खरं सांगतो, कुणी हललं नाही. सर्कशीचा तंबू ठोकतानाही लोक असेच उभे राहतात.

त्यांना आम्ही 'इंटरकॉमवाले भाऊ' म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, आणि त्या चेहऱ्याला न पेलणारी भरघोस मिशी. ती वरच्या ओठावर थांबतच नसे. चहा पिताना कपात आधी मिशी जायची, मागून भाऊ. रोज उमरेडहून पहिल्या एसटीनं यायचे. घराणं विणकरांचं. हातमाग बंद पडला तरी बोटं विणकराचीच राहिली होती. वायरी बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या वापरायचे नाहीत, खिशात पांढऱ्या सुताची गुंडी असायची. आजही आमच्या जिन्याखालची ती पेटी उघडून पाहा. बारा घरांच्या बारा वायरी, एकीवर एक चढलेली नाही, आणि दर वितीवर सुताची बारीकशी गाठ. एवढी नीट मांडणी माझ्या इतवारीच्या भांड्यांच्या दुकानातसुद्धा नाही, आणि तिथं मी रोज सकाळी स्वतः मांडतो.

काम तसं सांगायला सोपं होतं. खालच्या दाराशी एक पॅनल. पाहुण्यानं घराचा नंबर दाबला की त्या घरातला इंटरकॉम वाजणार, त्याच्या छोट्या पडद्यावर पाहुण्याचा चेहरा दिसणार, आणि घरच्यांनी बटण दाबलं की खालचं दार उघडणार. इंटरकॉम, कॅमेरा आणि कुलूप या तिघांची सोयरीक जुळवायची. आमच्याकडे याची गरज होती. त्या आधीच्या महिन्यात चौकीदाराचा डोळा लागला असताना एक गाय आमच्या लिफ्टसमोर येऊन उभी राहिली होती, आणि तिला वर जायचं आहे असं समजून मी शिष्टाचार म्हणून बाजूला झालो होतो.

कॅमेरा किती उंचीवर लावायचा हे भाऊंनी कागदावरून ठरवलं नाही. एकेकाला दाराशी उभं केलं. उंच, बुटके, म्हातारे, शाळेचं दप्तर घेतलेले. "चेहरा मधात आला पाहिजे," म्हणायचे. माझी पाळी आली तेव्हा मी उत्साहात इतका पुढं झुकलो की वर आमच्या घरातल्या पडद्यावर फक्त माझं टक्कल उमटलं. इंटरकॉममधून हिचा आवाज आला, "अहो भाऊ, खाली कुणीतरी परात धरून उभं आहे." भाऊ हसले नाहीत. त्यांनी मला खांद्याला धरून दोन पावलं मागं नेलं. "इथून. आता माणूस दिसून राहिला."

सगळं जोडून झालं त्या दुपारी आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ म्हणाले, "थांबा जी. मशीन पास झाली. माणसाची परीक्षा बाकी हाय." सगळ्यांना घरी पाठवलं. थोड्या वेळानं आमचा इंटरकॉम वाजला. नवा कोरा आवाज! मी हातातली वाटी टाकून धावलो, बटण दाबलं आणि म्हणालो, "या, या, या!"

पाच मिनिटांनी भाऊंनी सगळ्यांना परत खाली बोलावलं. त्यांच्या हातात एक भलंमोठं कोहळं होतं.

"हे पाहा. मी कॅमेऱ्यासमोर हे धरलं आणि बाराही घरची बेल वाजवली. अकरा घरांनी दार उघडलं. कोहळ्याले! एका भाऊनं तं 'या, या, या' म्हटलं."

मी दाराच्या बिजागरीकडे बघत राहिलो.

"तुमची आदत मले समजते," भाऊ म्हणाले. "नागपूरचा माणूस. बेल वाजली की पहिले दार उघडते, मंग पाहते कोण आलं. आतापर्यंत चाललं. पण मंग मी ह्या कॅमेऱ्याचं काय करू? डोळ्यानं पाहायचं, मंग बोटानं दाबायचं. आधी चेहरा, मंग दार." त्यांनी ते आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग एकदम थांबून विचारलं, "पण दुसऱ्या मजल्यावर काहून नाही उघडलं कोणी? ते एकच घर पास झालं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते घर काकूंचं. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्या पास झाल्या नव्हत्या. त्यांना बेल ऐकूच आली नव्हती. दहाएक वर्षांत त्यांचे कान हळूहळू गेले होते. बोलतात खणखणीत, वर्गावर बोलल्यासारखं, पण समोरच्याचं सगळं ओठांवरून वाचतात. त्या उन्हाळ्यात तर मोठाच घोळ झाला होता. मुलाच्या मेसेजला काकूंचं उत्तर नाही म्हणून त्याचा बंगळुरूहून मला फोन. मी अर्धा तास दार बडवलं, शेवटी कुलूप तोडलं, आणि घामाघूम होऊन आत गेलो, तर काकू खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होत्या. मला म्हणाल्या, "बरे आलात. नदीचं नाव, तीन अक्षरी, मधलं अक्षर न्हा." मी म्हणालो, "कन्हान." दार तुटलं होतं, पण कोडं सुटलं.

मुलाला मात्र हसू आलं नाही. त्यानं आईला बंगळुरूला न्यायचं ठरवलं. मुलगा चांगला आहे, काळजीनंच म्हणत होता. पण काकू मला एकदा जिन्यात म्हणाल्या, "इथं मला भाजीवाली कळते, दूधवाला कळतो, तुमचं तर नको तेवढं कळतं. चाळीस वर्षं ज्यांची तोंडं पाहिली ती माणसं आहेत. तिथं सगळे कानडीत नाही तर इंग्रजीत ओठ हलवणार. मी खरी बहिरी तिथं होईन."

हे सगळं मी भाऊंना सांगितलं. ते सुताची गुंडी बोटावर गुंडाळत राहिले. दुसऱ्या दिवशी पिशवीत चार दिवे घेऊन आले. "घंटी कानाले नाही समजत तं डोळ्याले समजन." काकूंच्या घरात प्रत्येक खोलीत एक पिवळा दिवा लागला. खाली कुणी नंबर दाबला की चारही दिवे अर्धा मिनिट उघडझाप करणार. काकूंनी पडद्याशी जायचं, चेहरा पाहायचा, बटण दाबायचं.

दिवे झाले, पण शिकवणी अडली. भाऊ समजावून सांगायचे आणि काकू कपाळाला आठ्या घालायच्या. "पुन्हा सांगा." भाऊ पुन्हा सांगायचे. "पुन्हा." तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चौकीदारानं एका अनोळखी माणसाला फाटकाशी अडवून ठेवलं. मी सेक्रेटरीच्या रुबाबात खाली गेलो.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"काय भाऊ, तुमीपण?" आवाज ओळखीचा होता. मिशी नव्हती! वरचा ओठ, तीस-बत्तीस वर्षं ऊन न पाहिलेला, गोरापान आणि बुजल्यासारखा.

"अहो, हे काय केलंत?"

"काकूले माहे ओठ दिसत नव्हते ना जी," ते म्हणाले आणि पिशवी उचलून जिना चढायला लागले.

त्या दिवशी अख्खी शिकवणी एका तासात झाली. आमच्या स्वयंपाकघरात काकूंचा आवाज स्पष्ट येत होता: "हं! आता बोललात मराठीत!" ही वाटाणे सोलता सोलता थांबली. मग मला म्हणाली, "सव्वीस वर्षांत तुम्ही माझ्यासाठी घोरणं तरी सोडलंत का?"

मुलाला मी कळवलं, आता सगळी सोय झाली आहे. त्याचा लगेच फोन आला. "काका, दसऱ्याला चार वाजता मी येतोय. तिला सांगू नका. कुणी मदत करायची नाही. तिनं मला पाहून स्वतः दार उघडलं, तर विषय संपला. नाही तर परतीची तिकिटं मी दोघांची काढली आहेत."

काकूंना मी सांगितलं नाही. हिला सांगितलं, आणि भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणाले, "दसऱ्याले सुट्टी हाय. पण मी येतो."

आता पुढचं सांगताना मला थोडं पाणी प्यावंसं वाटतंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, दसऱ्याला आम्ही व्यापारी माणसं काय करतो. सकाळी दुकानात तराजू, शटर, कुलूप, भांड्यांवर नाव कोरायची मशीन, सगळ्यांची पूजा केली. पंखासुद्धा सोडला नाही. अंगात पूजा भिनलेली होती. तसंच तबक घेऊन घरी आलो आणि दाराशी पॅनल दिसलं. नवं यंत्र. पहिला दसरा. एवढं आपल्यासाठी राबतंय, आणि त्याला साधं हळदकुंकू नाही? मी झेंडूची माळ घातली. बटणांवर अक्षता वाहिल्या. आणि मधला तो गोल काळा डोळा, त्याला तर विशेष भक्तिभावानं, ओलं कुंकू, चांगलं रुपयाएवढं. ही म्हणाली, "शोभून दिसतंय."

दिवसभर इमारतीत माणसं येत-जात राहिली. बेल वाजे, अकरा घरांत पडदा लालभडक होई, आणि अकराही घरं बटण दाबून दार उघडत. एकानंही तक्रार केली नाही. कोहळ्याचा धडा आमच्यात पंधरा दिवससुद्धा टिकला नव्हता.

चारला दहा कमी असताना आम्ही तिघं समोरच्या कडुलिंबाखाली माझ्या स्कूटरभोवती उभे होतो. स्कूटर बिघडल्याचं नाटक चाललं होतं. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी तिथून नीट दिसत होती. रिक्षा थांबली. मुलगा उतरला. उंच, छातीपर्यंत दाढी. पॅनलसमोर गेला, माळ जराशी बाजूला केली आणि नंबर दाबला.

खिडकीत पिवळा दिवा लागला, विझला, लागला!

"चालली!" मी हिच्या कानात ओरडलो. भाऊंचे ओठ आकडे मोजत होते. दहा. पंधरा. वीस. दिवा उघडझाप करत होता. पंचवीस. तीस. दिवा बंद झाला. दार तसंच.

मुलानं पुन्हा नंबर दाबला. पुन्हा दिवा. पुन्हा तीस. दार तसंच.

"घरी नसतील का?" ही कुजबुजली.

"हायेत. पडद्यासमोर सावली दिसून राहिली," भाऊ म्हणाले. मग डोळे बारीक करून त्यांनी दाराकडे पाहिलं. "भाऊ, त्या कॅमेऱ्यावर लाल काय हाय जी?"

मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं आजवर कुणी पाहिलेलं नाही, ही धरून.

"मी पुसतो!" म्हणून मी धावलो, तर मनगट पकडलं गेलं. विणकराची बोटं, लोखंडासारखी.

"थांबा."

"अहो, सोडा! त्या बाईंचं घर जाईल माझ्या कुंकवापायी!"

"पोरानं काय म्हटलं होतं? कोणी मदत नाही करायची. तुमी जाऊन पुसलं तं काकू हरल्या. त्याईले करू द्या."

मुलगा दोन पावलं मागं आला, वर खिडकीकडे पाहिलं, मान हलवली आणि खिशातून फोन काढला. इतक्यात पॅनलमधून आवाज आला. भाऊंनी तो मोठा करून ठेवला होता की काय कोण जाणे, अख्ख्या गल्लीत वर्ग भरला.

"कोण आहे? मला ऐकू येत नाही, तेव्हा उत्तर देऊन उपयोग नाही. नीट ऐका. कॅमेऱ्यावर कुणीतरी कुंकू फासलंय. बहुतेक आमच्या सेक्रेटरींनी. जवळ रुमाल असेल तर पुसा आणि दोन पावलं मागं उभे राहा. रुमाल नसेल तर उद्या या. चेहरा दिसल्याशिवाय मी दार उघडत नसते."

मुलाचा हात फोनवरच थांबला. मग त्यानं निमूटपणे रुमाल काढला. पुसलं, तर कुंकू आणखी पसरलं. बाटलीतलं पाणी घेऊन पुन्हा पुसलं. आणि पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षा झाल्यासारखा, दोन पावलं मागं जाऊन सरळ उभा राहिला.

गल्लीत कुणी श्वास घेत नव्हतं. निदान मी तरी नव्हतो.

कट्.

दार उघडलं! पाठोपाठ पॅनलमधून, "अरे! तू होय रे? ये वर. आणि ही दाढी काय वाढवलीस, तोंड दिसत नाही तुझं!"

मी नाचलो. वय छप्पन्न, गुडघे दुखरे, पण नाचलो. हिनं स्कूटरच्या सीटवर हात आपटले. भाऊंनी माझं मनगट सोडलं. त्यावर चार बोटं उमटली होती. आम्ही दोघं धडधडत वर गेलो. काकू मुलाच्या रुमालाला साबण लावत होत्या आणि मुलगा खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होता. मग त्यानं फोन काढून दोनातलं एक तिकीट रद्द केलं. काकूंनी विचारलं, "काय करतोयस?" तो आईसमोर जाऊन उभा राहिला, दोन बोटांनी ओठावरची मिशी वर धरली, आणि सावकाश म्हणाला, "तू इथंच राहा."

काकूंनी नळ बंद केला. पदरानं हात पुसले. एकदा नाही, चारदा पुसले.

मग त्या मागं वळून म्हणाल्या, "भाऊ कुठं आहेत?"

मला वाटलं होतं, ते आमच्या मागून जिना चढत असतील. मी खाली पळालो. झाडाखाली फक्त माझी स्कूटर होती.

त्यानंतर ते आमच्याकडे आलेच नाहीत. कंपनीनं त्यांना रायपूरकडच्या कामांवर पाठवलं. आमच्याकडे काही बिघडतही नाही, बोलावणार तरी कशाला? त्यामुळं त्यांचं शेवटचं दर्शन घडलं ते त्याच संध्याकाळी, काकूंच्या स्वयंपाकघरात, माझ्या फोनच्या पडद्यावर. काकूंना ऐकू येत नाही म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला होता.

भाऊ उमरेडच्या एसटीत खिडकीशी बसले होते. सणाची गर्दी, मागं कुणाचं तरी गाठोडं, आणि इंजिनाचा असा खडखडाट की आम्हाला एक शब्द कळेना. मी ओरडलो, "मोठ्यानं बोला!" मुलगा कान फोनला लावून बसला. शेवटी काकूंनी फोन आमच्या हातातून काढून घेतला, चष्मा सारखा केला आणि पडद्याकडे पाहायला लागल्या. भाऊंनीही फोन तोंडासमोर लांब धरला आणि एकेक शब्द सुटा करत बोलू लागले. बस हादरत होती, ते बोलत होते, काकू मान डोलावत होत्या. मध्येच हसल्या. मध्येच म्हणाल्या, "हो, हो, सांगते त्याला." आम्ही तिघं कान असलेली माणसं मठ्ठासारखी बघत राहिलो.

"काय म्हणतायत?" मी काकूंसमोर जाऊन विचारलं.

"म्हणतात, पोराला आधी जेवू घाला. तोंड उतरलेलं दिसलं त्याचं, सकाळपासून खाल्लं नसेल." मुलगा खाली बघायला लागला. "आणि म्हणतात की…"

तेवढ्यात नेटवर्क गेलं. चित्र जागच्या जागी थांबलं. बसच्या खिडकीतली तिरपी उन्हं, गोरा वरचा ओठ, आणि एका शब्दासाठी अर्धवट उघडलेलं तोंड.

मी फोन परत घ्यायला हात पुढं केला. काकूंनी तो बाजूला सारला.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "त्यांचं वाक्य पुरं व्हायचंय."